माप नको, हवा हवी!

भाताचे खळे ज्याने पाहिले आहे, त्याला वाऱ्याचे मोल ठाऊक असते आणि वाऱ्याची मर्यादाही. मावळात दिवाळीच्या आगेमागे कापण्या उरकतात, झोडणी होते आणि वारा केव्हा सुटतो याची वाट पाहत माणसे सूप हाती घेऊन उभी राहतात. वारा आला की फोल उडून जाते, दाणा पायाशी पडतो. परंतु रास लागली की वाऱ्याचे काम संपते. मग पायली निघते. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत पाळली जाते आणि घरधन्यापासून गड्यापर्यंत सर्वांच्या डोळ्यांदेखत धान्य मोजले जाते. वारा जोराचा होता म्हणून दोन पायल्या अधिक धरा, असे म्हणणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे.

राजकीय पक्षांत मात्र तो केव्हाच जन्माला आला आहे! अमुक नेत्याची ‘हवा’ आहे, तमुकाच्या मागे कार्यकर्ते आहेत, तिसऱ्याला वातावरण अनुकूल आहे, ही आपल्याकडे नेतृत्व ठरविण्याची परिभाषा. किती कार्यकर्ते? कोणते? त्यांची नावे कोठे लिहिलेली आहेत? ती कोणी तपासली? हे प्रश्न विचारणारा गृहस्थ एकतर बंडखोर ठरतो किंवा भाबडा.

असा एक भाबडा गृहस्थ लोणावळ्यात भांगरवाडीत राहत असे. निवृत्त शिक्षक, जनसंघाच्या दिव्याच्या काळापासूनचे कार्यकर्ते. १९७२ साली महाराष्ट्रात जनसंघाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निवडून आले, त्यांत मावळचे कृष्णराव भेगडे होते. पुढे भेगडे काँग्रेसमध्ये गेले, मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. २००८ च्या मार्च महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्या मांडीवर एक चाळीस पानी वही होती. मधोमध रेघ, डावीकडे ओबामा, उजवीकडे हिलरी. न्यू जर्सीत असलेला त्यांचा भाचा दर रविवारी दूरध्वनी करी आणि मास्तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधींचे आकडे उतरवून घेत. मी वर्तमानपत्री उत्साहाने म्हणालो, “मास्तर, हिलरीबाईंनी ओहायो आणि टेक्सास जिंकले. हवा फिरली!”

“हवा टेक्सासात फिरली असेल,” मास्तर म्हणाले, “वहीत फिरलेली नाही.”

आणि ते खरे होते. ४ मार्चला टेक्सासमधील मतदान क्लिंटन यांनी जिंकले, परंतु त्या राज्यात मतदानाच्या जोडीला सभांमधूनही प्रतिनिधी निवडले जात. दोन्हींचा हिशेब पुरा झाला तेव्हा टेक्सासमधून ओबामांना ९९ आणि क्लिंटन यांना ९४ प्रतिनिधी मिळाले होते! त्याआधी ५ फेब्रुवारीला असाच प्रकार घडला होता. क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखे मोठे राज्य जिंकले, प्रतिनिधी ५९ विरुद्ध ४८. म्हणजे निव्वळ कमाई अकराची. त्याच दिवशी ओबामांनी आयडाहो नावाचे चिमुकले राज्य १५ विरुद्ध ३ असे जिंकून बाराची कमाई केली. दूरचित्रवाणीवर मोठ्या राज्याचा जल्लोष दिसला, वहीत छोट्या राज्याची बेरीज उमटली. प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे तेथे नुसते जिंकून भागत नाही, कितीने जिंकलो हे सांगावे लागते. अखेर ३ जून २००८ रोजी ओबामांनी २११८ चा आवश्यक आकडा ओलांडला. पुढे ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात खुद्द क्लिंटन यांनीच, मोजणी थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार घोषित करावे, असा प्रस्ताव मांडला आणि नव्या राजवटीत त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. मोजून हरलेल्या माणसाला पक्षात राहता येते, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे मावळात आल्यावर त्याची गरज पडणार आहे.

मास्तरांनी वही मिटली आणि विचारले, “ओबामाचे प्रतिनिधी किती, हे मला लोणावळ्यात बसून ठाऊक आहे. आपल्या तालुक्यात आपला उमेदवार कोणी ठरवायचा, त्या माणसांची यादी कोणाकडे आहे, तेवढे मला सांग.”

माझ्याकडे उत्तर नव्हते.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा येथे हेतू नाही. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले आणि शिकागोच्या रस्त्यांवर डोकी फुटली. त्यानंतर त्या पक्षाने नियम बदलले. नेतेमंडळींसाठी राखलेल्या ‘सुपर डेलिगेट’ पदांचा पहिल्या फेरीतील मताधिकार २०१८ साली काढून घ्यावा लागला. आणि २०२४ चा प्रकार तर ताजाच आहे. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि त्यांच्यासाठी निवडले गेलेले हजारो प्रतिनिधी बघता बघता कमला हॅरिस यांच्या मागे गेले. त्या वर्षी हॅरिस यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. त्यांच्या नावाची ‘हवा’ झाली, रास न घालताच माप पुरे झाले. नोव्हेंबरात काय झाले ते जगाने पाहिले.

कोणी म्हणेल, स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्यांनी परक्यांचे दाखले कशाला द्यावेत? तर आपल्या घरचा दाखला घ्या. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातील शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि सर्वांसमक्ष एक एक काढायचा. पात्र कोण आणि अपात्र कोण, हे दगडावर कोरलेले. आधीच्या कारभाराचा हिशेब ज्याने दिला नाही तो अपात्र. त्याचे आप्तही अपात्र! हा शेवटचा नियम आज लागू केला तर किती पक्षांची कार्यालये ओस पडतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आता काँग्रेस पक्षाकडे वळू. काँग्रेसमध्ये प्रतिनिधींची मोजणी झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोजणी झाली; आणि ती नको त्याच्या बाजूने जाऊ लागली की एकतर मोजणीची जागा बदलली गेली, नाहीतर मोजणीचा अर्थ.

पुणेकरांना याची पहिली चव १९०६ आणि १९०७ साली मिळाली. लोकमान्यांनी अध्यक्ष व्हावे, असा राष्ट्रीय पक्षाचा आग्रह होता. कोलकात्याला तो मोडण्यासाठी इंग्लंडहून वयोवृद्ध दादाभाई नौरोजींना पाचारण करण्यात आले; त्यांच्या नावाला विरोध कोण करणार? पुढल्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. नागपुरात टिळकपक्षाचे पारडे जड, म्हणून ते सुरतेला हलविण्यात आले. २७ डिसेंबर १९०७ रोजी अध्यक्षनिवडीच्या ठरावावर बोलण्यासाठी टिळक व्यासपीठावर उभे राहिले, त्यांना बोलू दिले गेले नाही, खुर्च्या उडाल्या, एक जोडा सुरेंद्रनाथ आणि फिरोजशहांपर्यंत पोहोचला आणि काँग्रेस दुभंगली. १९१८ साली टिळकांची निवड झाली खरी, पण चिरोल खटल्यासाठी त्यांना विलायतेला जावे लागले आणि ती खुर्ची अखेरपर्यंत त्यांच्या वाट्याला आली नाही.

१९३९ ची कथा अधिक बोलकी आहे, कारण त्या वेळी मोजणी पूर्ण झाली होती. २९ जानेवारी १९३९ रोजी प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मतदान केले. सुभाषचंद्र बोस १५८०, पट्टाभी सीतारामय्या १३७७. दोनशे तीन मतांचे अंतर. गांधीजींनी पट्टाभींचा पराभव हा आपला पराभव मानला आणि तसे जाहीरपणे म्हटले. एका वाक्याने निवडणुकीचा प्रश्नच बदलला! प्रश्न होता, बोस की पट्टाभी? तो झाला, बोस की गांधी? कार्यसमितीतील बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरी येथे अधिवेशन भरले, अध्यक्ष तापाने फणफणलेले. आणि अध्यक्षांनी आपली कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव तेथे संमत झाला. ज्या प्रतिनिधिवर्गाने जानेवारीत सुभाषबाबूंना निवडले होते, त्याच वर्गाने मार्चमध्ये त्यांचे हात बांधले. २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. संख्येने दिलेले पद वाऱ्याने काढून घेतले, तेही बरोबर तीन महिन्यांत.

गांधीजींच्या थोरवीविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु मोजणी ज्यांच्या बाजूने गेली नाही, त्यांनी ती निमूट मान्य करण्याची रीत त्या दिवशी काँग्रेसमध्ये पडली असती, तर पुढची अनेक पाने वेगळी लिहिली गेली असती. ती पडली नाही. १९४६ साली अध्यक्षपदासाठी १५ पैकी १२ प्रांतिक समित्यांनी सरदार पटेलांचे नाव सुचविले, नेहरूंचे एकीनेही नाही. आणि अध्यक्ष झाले ते नेहरू. १९५० साली तिरंगी लढत झाली. पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२ आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील भोरचे शंकरराव देव २०२. टंडन रीतसर निवडून आले, सरदार होते तोवर टिकले. सरदार गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात टंडन यांना पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी पंतप्रधान नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले.

त्यानंतरचा प्रवास वेगाने सांगितला तरी चालेल. १९९७ साली सीताराम केसरी यांना ६२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली. केसरी हे पक्षाचे दीर्घकाळचे कोषाध्यक्ष. तिजोरीची किल्ली आणि प्रतिनिधींची यादी एकाच कमरेला असली की काय होते, याचा हा वस्तुपाठ होता. पण हे सहा हजारांचे बहुमत केसरींच्याही कामाला आले नाही. १४ मार्च १९९८ रोजी कार्यसमितीच्या बैठकीत मूठभर मंडळींनी त्यांना दूर केले आणि वर्षापूर्वीच प्राथमिक सदस्य झालेल्या सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. २००० साली जितेंद्र प्रसाद यांनी त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याचे धाडस केले. आकडे ७४४८ आणि ९४. शंभरसुद्धा नाहीत! एखाद्या देशव्यापी पक्षात शेकडा सव्वा मतभेद उरतो, तेव्हा ती एकजूट नसते, ती धास्ती असते.

२०२२ ची निवडणूक लोकशाहीचा महोत्सव म्हणून साजरी करण्यात आली, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. काँग्रेसच्या घटनेप्रमाणे प्रत्येक ब्लॉकमागे एक प्रदेश प्रतिनिधी असतो आणि या प्रतिनिधींनी अध्यक्ष निवडायचा असतो. व्यवस्था उत्तम आहे. मावळातल्या काँग्रेसजनांचाही त्यात एक आवाज असायला हवा. पण हा प्रतिनिधी निवडला केव्हा गेला, कोणी निवडला, त्याच्या विरोधात कोण होते? किती तालुक्यांतील किती काँग्रेस कार्यकर्त्यांना याचे उत्तर देता येईल? यादी प्रकाशित करा, अशी मागणी पक्षाच्याच खासदारांनी केली, तेव्हा ती प्रदेश कार्यालयांत जाऊन पाहता येईल, असे उत्तर मिळाले. शशी थरूर यांच्या हाती यादी पडली ती अनेक प्रतिनिधींच्या पत्त्यांवाचून आणि दूरध्वनी क्रमांकांवाचून. मतदार कोण हे उमेदवारालाच ठाऊक नसलेली निवडणूक! दरम्यान वारा कसा वाहत होता पाहा. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अशोक गहलोत हे जणू अध्यक्षच होते. राजस्थानातील आमदारांनी बंडाचा पवित्रा घेताच वारा पडला, आणि ३० सप्टेंबरला अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी मल्लिकार्जुन खर्गे पुढे आले. त्यांच्या स्वागताला प्रदेशाध्यक्ष दाराशी उभे, थरूरांच्या वेळी खोल्या रिकाम्या. १९ ऑक्टोबरला निकाल लागला: खर्गे ७८९७, थरूर १०७२, बाद ४१६. उत्तर प्रदेशातील मतदानात गंभीर गैरप्रकार झाल्याची थरूर पक्षाची लेखी तक्रार होती. तिचे पुढे काहीच झाले नाही. तरीही माझ्या मते त्या एक हजार बहात्तर जणांना मानले पाहिजे. हवा कोठली हे माहीत असूनही ते विरुद्ध दिशेने चालले.

राहुल गांधींनी एकदा अमेरिकन धर्तीच्या ‘प्रायमरी’चाही प्रयोग करून पाहिला होता, हे आता कोणाला आठवतही नसेल. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशातील मोजक्या मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी मतदान करून उमेदवार निवडायचा होता. महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर त्यांत होते. वर्ध्यात खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात सामना झाला! घराणेशाहीवर उतारा म्हणून आणलेल्या औषधाच्या बाटलीतून दोन घराणीच बाहेर पडली. मेघे जिंकले आणि प्रत्यक्ष निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. पुढे काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये दाखल झाले. (त्या प्रवेशाविषयी माझे मत स्वतंत्र लेखात मांडावे लागेल, संपादक छापतील तेव्हा.) वडोदऱ्याला तर प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावत यांना नरेंद्र मोदींचे नाव जाहीर झाल्यावर बाजूला व्हावे लागले आणि मधुसूदन मिस्त्री उभे राहिले. कार्यकर्त्यांचा कौल श्रेष्ठींना अडचणीचा नसेल तोवरच वैध. त्यानंतर या प्रयोगाचे नावही कोणी घेतले नाही.

काँग्रेसची ही कुंडली मांडून आपण हात झटकू शकलो असतो, तर लेख येथेच संपला असता. पण जो रोग तेथे आहे त्याचे परिणाम मावळाने स्वतःच्या अंगावर भोगले आहेत, आणि तेही दोनदा.

२०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस. या मतदारसंघाचे खासदार श्रीरंग बारणे एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले आणि आमदार सुनील शेळके अजित पवारांबरोबर. दोन्ही फुटींत खरा पक्ष कोणता, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. अशा वेळी आयोग तीन कसोट्या पाहतो: पक्षाची घटना, संघटनेतील बहुमत आणि विधिमंडळातील बहुमत. शिवसेनेच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने म्हटले की, पक्षाची २०१८ ची सुधारित घटना लोकशाहीला धरून नाही आणि तिच्यावर विसंबता येत नाही. संघटनात्मक बहुमतातूनही काही निष्पन्न होत नाही. उरले आमदार. ५५ पैकी ४० शिंदे यांच्याकडे, निकाल त्यांच्या बाजूने. राष्ट्रवादीचे तेच. ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात त्या पक्षाच्या अंतर्गत निवडणुकांचा आधार आयोगाला घेता आला नाही आणि महाराष्ट्रातील ५३ पैकी ४१ आमदार ज्यांच्याकडे, त्या अजित पवारांना घड्याळ मिळाले.

या निर्णयांवर ‘लोकशाहीचा खून’ अशी ओरड झाली. पण ओरड करणाऱ्यांना एकच विचारावे: आपल्या पक्षाच्या प्रतिनिधींची खात्रीलायक यादी तुम्ही का ठेवली नव्हती? प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे दिल्लीला गेले, परंतु तो मनुष्य प्रतिनिधी झाला कसा, हे सिद्ध करणारी निवडणूकच झालेली नसेल तर गठ्ठ्याचे वजन रद्दीइतके. शरद पवारांनी २ मे २०२३ रोजी अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली, तेव्हा यशवंतराव चव्हाण सभागृहात अश्रूंचा पूर आला. तीन दिवसांत राजीनामा मागे. किती प्रतिनिधींनी मतदान केले? एकानेही नाही; गहिवर मोजायचे यंत्र नसते. दोनच महिन्यांनी, ५ जुलैला मुंबईत काका-पुतण्यांच्या दोन सभा एकाच दिवशी भरल्या आणि उभा महाराष्ट्र दूरचित्रवाणीसमोर बसून कोणत्या मंडपात किती आमदार शिरले हे मोजत राहिला. पंचवीस वर्षे ज्यांनी पक्षात माणसे मोजली नाहीत, त्यांच्या नशिबी अखेर मंडपाच्या दारातली डोकी मोजणे आले.

आणि ज्यांचा लाभ झाला त्यांनीही फार हर्षभरित होऊ नये. तालुक्यातील हजारो शिवसैनिक कोणाच्या बाजूने आहेत, हे कोणी विचारलेच नाही. विचारण्याची सोयच नव्हती. १९०७ नंतर ११५ वर्षांनी पक्षफुटीच्या कथेत सुरतेचे नाव पुन्हा आले, हा योगायोग मला तरी गमतीचा वाटला नाही.

आता आपले घर. मावळ हा १९९५ पासून २०१४ पर्यंत सलग पाच विधानसभा निवडणुकांत भाजपचा गड होता. रूपलेखा ढोरे, दोनदा दिगंबर भेगडे, दोनदा बाळा भेगडे. २०१९ साली तो पडला. कोणी पाडला? तळेगाव दाभाड्याचे भाजपचेच नगरसेवक सुनील शेळके यांनी. त्यांना उमेदवारी हवी होती; पक्षाने राज्यमंत्री असलेल्या बाळा भेगडे यांनाच पुन्हा दिली. शेळके राष्ट्रवादीत गेले आणि ९३ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी महायुतीत ही जागा त्यांच्याच वाट्याला आली आणि ज्याच्याविरुद्ध लढलो त्याचाच प्रचार करण्याची वेळ कार्यकर्त्यांवर आली. बाळा भेगडे उघडपणे अपक्ष बापू भेगडे यांच्यामागे उभे राहिले. शेळके पुन्हा लाखाहून अधिक मतांनी विजयी.

२०१९ साली कोणाला उमेदवारी द्यायला हवी होती, हे मी सांगणार नाही; ते पुण्यामुंबईत बसून लेख लिहिणाऱ्याने सांगायचे नसते, तसे ते दिल्लीतही ठरवायचे नसते. मावळ तालुक्यातील सक्रिय सदस्यांना एका रविवारी वडगावला बोलावून मतपेटी ठेवली असती तर कदाचित बाळा भेगडेच निवडले गेले असते. मग शेळके यांना ‘कार्यकर्ते माझ्या बाजूचे आहेत’ असे म्हणत बाहेर पडता आले नसते. किंवा शेळके निवडले गेले असते आणि गड राहिला असता. मोजणीच झाली नाही, म्हणून दोघेही आपापल्या हवेवर स्वार राहिले.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: मतदान ठेवले की पैसा येईल, भावकी येईल, पाहुणेरावळे येतील. आक्षेप खरा आहे. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून मावळातील जमिनीला जो भाव आला, त्याने राजकारणातील पैशाची जातच बदलून टाकली, हे कोणाला सांगायला नको. परंतु चाळीस माणसे एका हॉटेलात उतरवून विकत घेणे सोपे, की अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत वाडीवाडीवर विखुरलेली हजारो माणसे? दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा असतो. आपल्याकडे सहमतीने निर्णय होतात, मतदान म्हणजे फूट. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्षपद आजवर सहमतीनेच भरले गेले, २०१० साली नितीन गडकरी तसेच झाले, आणि त्यात कटुता टळली, हे मान्य. पण सहमती म्हणजे नेमकी किती जणांची? ती विचारून घेतली की कळवून? २०१४-१५ मध्ये मिस्ड कॉल देऊन सदस्य झालेल्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे आपण अभिमानाने सांगितले. त्यांतले मावळात किती, त्यांचे पत्ते कोणाकडे, उमेदवारी ठरविताना त्यांतल्या एकाला तरी कोणी दूरध्वनी केला?

ज्या संघटनेच्या शाखेत रोज संख्या घेतली जाते, तेथे वाढलेल्या माणसांना हे सांगावे लागावे याचे नवल वाटते. चार बाल आणि तीन तरुण आले असले तरी रांगा उभ्या राहतात, मोजणी होते, आकडा सांगितला जातो, वहीत चढतो. काल सत्तावीस होते, आज सात आहेत, हे कोणी लपवत नाही. मैदानावर वारा कितीही छान सुटलेला असो, मुख्य शिक्षक ‘आज वातावरण चांगले होते’ असे वहीत लिहीत नाही.

मागणी एवढीच आहे. यापुढे पंचायत समितीपासून लोकसभेपर्यंत कोणतीही उमेदवारी जाहीर होण्याच्या किमान महिनाभर आधी मंडलातील सक्रिय सदस्यांची नावे कार्यालयाच्या भिंतीवर लावावीत. हरकती घ्याव्यात. मतदान आज नको असेल तर नको. यादी तरी हवी. ती लागली की पुढचे प्रश्न कार्यकर्तेच विचारतील. इतर पक्ष करोत न करोत.

मास्तर आता नाहीत. त्यांची ती चाळीस पानी वही त्यांच्या मुलाने मला आणून दिली. पुढच्या पानांवर अमेरिकेची राज्ये आहेत, आयडाहोपुढे पंधरा आणि तीन. मागच्या बाजूने वही उलटी धरून त्यांनी मावळातील गावे लिहायला घेतली होती: टाकवे बुद्रुक, कामशेत, कार्ला, वाकसई, कुसगाव, इंदोरी, सोमाटणे, उर्से. प्रत्येक गावापुढे ‘आपले सदस्य’ असा रकाना आखला आहे. तीन गावांपुढे आकडे आहेत, आणि त्याखाली बारीक अक्षरात, स्वतः जाऊन विचारले, अशी नोंद. बाकीचे रकाने कोरे आहेत.